दोन वाट्या क्रॅनबेरी

गौरांगी ओल्या जमिनीवर गुडघे टेकून वेलींत हात घालत होती, आणि विजयाबाई बंद काचेच्या दाराआडून तिला खुणा करत होत्या. आणखी डावीकडं. कुंपणाच्या कडेला. पानं वर उचल, खालची राहतात. गौरांगी मान वर करून बघायची, हो म्हणायची, आणि पुन्हा आपल्याच मनानं शोधायला लागायची.

रात्री उणे पाच होणार, असं सकाळपासून फोननं तीनदा सांगून झालं होतं. हलक्या हिवाला ही फळं दाद देत नाहीत, उलट थोडी गोडावतात. पण उणे पाचात फळ आतून मऊ पडतं आणि मग त्यात राम उरत नाही. हे विजयाबाई कुठं शिकायला गेल्या नव्हत्या. जनार्दनराव तीन वर्षं जेवताना दुसरं काही बोलतच नव्हते. एक दिवस थांबता आलं असतं तर विजयाबाईंनी स्वतःच्या हातानं तोडली असती. पण थंडी नेमकी शुक्रवारची आली, आणि शुक्रवारी विजयाबाई आंबट खात नसत, शिवत नसत, घरात कुणाच्या ताटातही पडू देत नसत.

संतोषीमातेचा हा नेम त्यांनी लग्नाआधी धरला होता. कॅनडातल्या केंब्रिजला आल्यावर बर्फात, आजारपणात, गौरांगीच्या परीक्षांत, कधी सुटला नाही. गौरांगी कॉलेजात असताना त्याला 'नो लेमन फ्रायडे' म्हणायची. जनार्दनराव भातावर नुसतं वरण ओतून घेत आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारत, "विजू, तुझ्या देवीला ॲसिडिटीचा त्रास आहे का गं?"

दार सरकलं. गार हवेबरोबर मातीचा ओला वास आत आला. गौरांगी पातेलं दोन्ही हातांत धरून उंबऱ्याबाहेर, डेकच्या लाकडी फळ्यांवर उभी होती.

"आई, हे आत आणू, की बाहेरच ठेवू? शुक्रवार आहे ना."

विजयाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मुलगी काल रात्री बर्नाबीहून विमानानं आली होती. तिथं ती कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत होती, घरात देव नव्हते, आणि आईच्या उपासांच्या बाबतीत तिचा एकच प्रश्न असे, गोळ्या वेळेवर घेतेस ना.

"राहू दे डेकवर," त्या म्हणाल्या. "तिथंच बसून निवड. मी इकडून बघते."

मग गौरांगीनं बागेतली खुर्ची ओढली, मांडीवर पातेलं घेतलं, आणि विजयाबाई आतल्या बाजूला पाट ठेवून शाल गुंडाळून बसल्या. मधे उघड्या दाराची चौकट. घरातली ऊब पायांवरून बाहेर चालली होती. हे असते तर एव्हाना वरून आवाज आला असता, अख्ख्या केंब्रिजला हीट देतोय का आपण? दोघींच्याही मनात तेच आलं असावं. दोघींनीही दार लावलं नाही.

फळं फार नव्हती. दोन वाट्या भरतील, शीग न लावता. काही गडद लाल, काही एका गालावर पांढरट राहिलेली. एवढ्याशासाठी त्या माणसानं काय केलं नव्हतं. रिटायर झाल्यावर पहिल्याच वसंतात परसात चार फूट बाय आठ फूट खड्डा खणला, त्यात प्लास्टिक अंथरलं, पीटमॉसच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या शेवाळाच्या, गोणी ओतल्या. शेजारच्या मार्गारेटबाईंनी, त्या मूळच्या न्यूफाउंडलंडच्या, माती आंबट लागते म्हणून सांगितलं, तर हे कागदाच्या पट्ट्या बुडवून माती तपासायला लागले. कारच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस, इंचाच्या हजाराव्या भागाशिवाय बोलायचा नाही. नळाचं पाणी जड, त्यानं माती बिघडेल, म्हणून पावसाचं पाणी पिंपात साठवायचे. मार्चात पाऊस नसला की बादलीत बर्फ वितळवायचे. विजयाबाई म्हणाल्या, दुकानात तीन डॉलरला पिशवी मिळते. तर म्हणाले, ती क्रॅनबेरी. ही माझी करवंदं आहेत.

आजऱ्याच्या डोंगरातली करवंदं त्यांच्या जिभेवरून कधी उतरली नाहीत. आंबट म्हणजे जीव की प्राण. आणि खाल्लं की डावा डोळा घट्ट मिटायचा, आपोआप. लग्नानंतरच्या पहिल्या पंगतीत समोर बसून त्यांनी लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि सगळ्या वडीलधाऱ्यांच्या देखत हा माणूस आपल्याला डोळा मारतोय, असं वाटून विजयाबाईंच्या हातातली वाढायची पळी खाली पडली होती. पुढं चाळीस वर्षं ते ही गोष्ट सांगत. प्रत्येक वेळी पळी थोडी मोठी व्हायची.

अशा माणसानं जन्मभर शुक्रवारी फिकं जेवून घेतलं. चेष्टा करायचे, पण ताटात लिंबू कधी मागितलं नाही.

एकदाच मागितलं.

"देठ काढायचे का सगळे?" गौरांगीनं विचारलं.

"काढ. हातानं निघतात."

रविवारी वर्षश्राद्ध होतं. बापूगुरुजी ब्रॅम्प्टनहून नऊला यायचे होते. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं ठरलं होतं. फक्त पानाच्या डाव्या बाजूला या फळांचं काय वाढायचं ते ठरत नव्हतं, आणि विजयाबाईंना बाकी कशापेक्षा त्याचीच काळजी होती. आपल्या हातून राहिलेलं एक देणं त्या दिवशी तरी पोचवायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. ते कोणतं, हे कुणाला सांगितलं नव्हतं.

सल्ले मात्र भरपूर आले होते. ओकव्हिलची मैत्रीण शीला सकाळी फोनवर अर्धा तास बोलली. तिचं म्हणणं लोणचंच कर. फळं अर्धी चिर, मोहरी फेसून घाल, वरून गार केलेली फोडणी, जनार्दनभावोजी वरून बोटं चाटतील. मग तिला आठवलं की मेथांबाही छान होतो, गूळ घालून. मग म्हणाली, नाहीतर नारळाच्या दुधातलं सार कर, रंग असा येतो की कोकम झक मारतं. फोन ठेवताना म्हणाली, आणि थोडी मला ठेव. मार्गारेटबाई सल्ला न देता थेट क्रॅनबेरीचा लोफ, म्हणजे केकसारखा पावच घेऊन आल्या, संत्र्याची साल आणि अक्रोड घातलेला, पिशवीवर जनार्दनचं नाव लिहून. गुरुवारी संध्याकाळीच केला होता त्यांनी, शुक्रवारी मी भाजला तरी चालत नाही ना तुला, असं हळूच विचारून. विजयाबाईंनी तो स्वतः हात न लावता गौरांगीला घ्यायला लावला, आणि गौरांगीनं कॉफीबरोबर डेकवरच उभ्यानं त्यातला एक काप खाल्ला. लाल दाणे मात्र एकेक उकरून बशीच्या कडेला लावले. लहानपणी हीच मुलगी क्रॅनबेरीचा ज्यूस पिऊन ओठ लाल करून हिंडायची. काहीतरी डाएट असेल, असं विजयाबाईंनी धरलं.

"सॉस कर ना," गौरांगी आता म्हणाली. "वीस मिनिटांचं काम आहे. संत्र्याचा रस, साखर. मी करून देते."

"श्राद्धाच्या पानावर सॉस?"

"बाबांना चाललं असतं."

"बाबांना काहीही चाललं असतं," विजयाबाई म्हणाल्या. त्या उठल्या, फ्रिजवरची जनार्दनरावांची हिरवी डायरी घेऊन परत आल्या. कारखान्याच्या नावाची, कडा मळलेली. ती त्यांनी वर्षभरात उघडली नव्हती. मुलगी समोर आहे तोवर उघडून घ्यावी, असं वाटलं.

आत मातीचे आकडे, पावसाचे आकडे. शेवटून उघडली तर पानाच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आपल्या करवंदांचं काय करायचं'. खाली यादी. पहिल्या वर्षीची शाई काळी. त्या वर्षी वेलींना एक फूलही आलं नव्हतं, तरी माणसानं लोणचं, सार, चटणी, आणि 'विजूला पटलं तर वाइन' एवढं लिहून ठेवलं होतं.

विजयाबाईंनी ते वाचून दाखवलं. गौरांगी हसली.

"तुला पटलं असतं?"

"मी हाकलून दिलं असतं."

दुसऱ्या वर्षीची शाई निळी. फुलं आली, फळं धरली नाहीत. यादी मात्र वाढली. मुरंबा. भाकरीबरोबर ठेचा. मार्गारेटला एक बरणी, तिच्या शिकवणीबद्दल. गौरू येईल तेव्हा तिला आवडतो तो ज्यूस, पण साखर कमी. मधेच एका ओळीला काट मारली होती, ती वाचता येईना.

तिसऱ्या वर्षीची, म्हणजे गेल्या वर्षीची, एकच ओळ होती. पेन्सिलची, उतरत गेलेली. अक्षर ओळखू येत नव्हतं इतकं बदललं होतं.

'नुसतं. मीठ लावून.'

ती ओळ विजयाबाईंनी मोठ्यानं वाचली नाही. डायरी तशीच उघडी मांडीवर ठेवली.

गेल्या जुलैत डॉक्टरांनी आता औषध घरीच देऊ या असं सांगितलं, त्या आठवड्यात त्यांनी सोळा शुक्रवारांचा संकल्प सोडला होता. दिवसभर उपास, संध्याकाळी कथा, गूळ-चण्यांचा प्रसाद. देवीला एवढंच सांगितलं की हा माणूस मला ठेव. नेमात कसर राहू नये म्हणून घरातलं लिंबू, दही, चिंच गुरुवारी रात्रीच बेसमेंटमधल्या फ्रिजमध्ये जाई. एकामागून एक शुक्रवार सरत गेले. जनार्दनराव बारीक होत गेले. वरच्या खोलीच्या खिडकीतून त्यांना वाफा दिसायचा, आणि त्या वर्षी पहिल्यांदा वेलींना फळं लागली होती. अकरा. त्यांनी गौरांगीला खाली पाठवून दोनदा मोजून घेतली होती.

चौदाव्या शुक्रवारी दुपारी चारला ते म्हणाले, "विजू, एक आण ना. मीठ लाव थोडं."

दोन-तीन दिवस त्यांच्या पोटात पाणीसुद्धा धड गेलं नव्हतं. काही मागितलं, याचंच विजयाबाईंना केवढं वाटलं. जिन्यापर्यंत गेल्याही त्या. मग थांबल्या. परत येऊन त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आज शुक्रवार. उद्या आणते. सकाळी उठल्या उठल्या."

"बरं," ते म्हणाले. "उद्या."

शनिवार उजाडायच्या आत ते गेले.

खोली आवरताना उशाशी चष्मा होता, ओठांना लावायचं मलम होतं, आणि तळाशी मीठ असलेली एक लहान वाटी. तोंड आलं होतं त्यांना. नर्स मिठाच्या पाण्यानं चूळ भरायला लावायची. वाटी विसळून विजयाबाईंनी मांडणीत लावली. तेराव्यानंतर राहिलेले दोन शुक्रवारही केले, आता कुणासाठी ते न विचारता. घेतलेलं पुरं करायचं, एवढंच कळत होतं. उद्यापन केलं नाही. आठ मुलांना जेवू घालून देवीला काय सांगायचं? वेलीवरची फळं कुणी तोडली नाहीत. त्यांच्यावर बर्फ पडलं. आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडून 'उद्या' हा शब्द निघत नसे. शनिवारी म्हणत, सकाळी म्हणत. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"आई?" गौरांगी म्हणत होती. "काय लिहिलंय पुढं?"

विजयाबाईंनी डायरी तिच्याकडे सरकवली. गौरांगीनं जॅकेटला बोटं पुसली, ती घेतली, वाचली. तिला मराठी वाचायला वेळ लागायचा, ओठ हलायचे. पण ही ओळ तीनच शब्दांची होती, आणि ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली.

"गौरू," विजयाबाई म्हणाल्या, "यातलं एक मागितलं होतं गं त्यांनी. शेवटच्या शुक्रवारी. मीठ लावून दे म्हणाले. मी दिलं नाही."

बोलून झालं. वर्षभर जे छातीवर होतं ते एवढंसंच होतं, चार वाक्यांचं. वरून बदकांचा थवा दक्षिणेकडे ओरडत गेला.

"मला माहीत आहे," गौरांगी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"त्यांनी मागितलं ते. बाबांनी सांगितलं मला. तू म्हणालीस टुमॉरो, ते पण."

विजयाबाईंचा हात शालीवर थांबला. "तक्रार केली माझी?"

"नाही गं. हसत होते." गौरांगी डायरीकडे बघूनच बोलत होती. "म्हणाले, आई पूजेला बसली की खाली जा, आणि एक घेऊन ये. चांगलं लाल बघून आण म्हणाले. तू आरती म्हणत होतीस. मी किचनमधून गेले, तुझ्या मागून. चाकूनं अर्धं केलं. छोट्या वाटीत मीठ घेतलं." ती थांबली. "खाल्लं त्यांनी, आई. दोन्ही अर्धी."

ती वाटी विजयाबाईंना दिसत होती. तळाशी चिकटलेलं मीठ. त्यांनी अंगठ्यानं घासून काढलं होतं ते.

"आणि मी गूळ-चणे घेऊन वर आले, तेव्हा?"

"तेव्हा खाऊन झालं होतं."

एक चणा घेतला होता त्यांनी तिच्या हातून. डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून धरले होते, बोलले नाहीत. किती भक्तीनं घेतला, असं वाटलं होतं विजयाबाईंना. वर्षभर त्या एका चण्यावर त्या जगल्या होत्या. आता कळलं, की तोंडातला आंबटपणा लपवत होता तो माणूस.

आधी रागच आला. मला न विचारता. माझ्या घरात, माझ्या शुक्रवारी, मी देवीसमोर उभी असताना, माझ्या पाठीमागून. आणि त्याच्याही खाली दुसरं काहीतरी होतं, जास्त दुखणारं. त्यांनी शेवटचं मागितलेलं त्यांच्या तोंडात गेलं ते दुसऱ्या हातानं.

"मला का नाही सांगितलंस?"

"प्रॉमिस करायला लावलं मला. म्हणाले, आईला सांगू नकोस, तिचा शुक्रवार मोडेल." गौरांगीनं डायरी मिटली, पुन्हा उघडली. "आणि सकाळी ही वॉज गॉन. चौदा झाले होते, आई. दोनच राहिले होते. तू एवढं सगळं केलंस, आणि मी..."

तिनं वाक्य सोडून दिलं. मांडीवरचं पातेलं उचलून शेजारी फळीवर ठेवलं, जणू ते जड झालं होतं.

"आय डोन्ट बिलीव्ह इन धिस स्टफ. यू नो दॅट. पण डोक्यातून जात नाही. मी जर एक रात्र थांबले असते..."

विजयाबाईंनी डेकच्या कठड्यावर ठेवलेली सकाळची बशी बघितली. लाल दाणे कडेला ओळीनं लावलेले, सुकत आलेले.

"म्हणून खात नाहीस?"

गौरांगीनं मान हलवली.

"केव्हापासून?"

"तेव्हापासून. ज्यूस पण नाही."

बर्नाबीच्या त्या देव नसलेल्या घरात, कुणाला न सांगता, वर्षभर. बोलायला गेलं तर हसण्यावारी नेलं असतं तिनं. चौतिसाव्या वर्षी मुलीनं धरलेला हा पहिला नेम, आणि तो असा.

"अगं वेडे," विजयाबाई म्हणाल्या, "देवी असं करते का? एवढ्याशा फळासाठी कुणी कुणाचा जीव घेतं?"

गौरांगीनं पहिल्यांदा वर बघितलं. आईच्या तोंडाकडे बघत राहिली, लहानपणी ताप किती आहे ते विचारताना बघायची तशी.

आणि विजयाबाईंना आपलंच वाक्य ऐकू आलं. ते दोघींच्या मधे, उघड्या दारात राहिलं होतं. देवी असं करत नसेल, तर त्या शुक्रवारी दुपारी चारला जिन्यापर्यंत जाऊन परत का फिरलो आपण? खाली उतरायचं होतं, दार उघडायचं होतं, आठ पावलं चालायचं होतं. शब्द मागं घेता येत होता. नुसतं गप्प बसलं तरी पुरलं असतं. मुलीनं आयुष्यभर वाटून घेतला असता दोष, अर्धा तिचा, अर्धा आपला.

त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला.

"एका फळानं देवी रागावत नाही," त्या म्हणाल्या. या वेळी सावकाश, एकेक शब्द नीट पोचेल असा. "तू केलंस ते बरोबर केलंस. ऐकलंस ना? तूच बरोबर केलंस."

गौरांगी रडायला लागली. आवाज न करता, वडिलांसारखी, खांदे न हलवता. विजयाबाई उठल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "तोंड कसं केलं त्यांनी?"

"हं?"

"खाल्लं तेव्हा. तोंड कसं झालं?"

गौरांगीनं बाहीनं नाक पुसलं. "डोळा मिटला. डावा. कितीतरी वेळ उघडेचना. मला वाटलं आता नर्सला बोलवायला लागतंय. मग म्हणाले..." रडता रडता तिला हसू आलं. "म्हणाले, ही करवंदं नव्हेत. पण चालेल."

"पण चालेल," विजयाबाई म्हणाल्या. शालीचं टोक त्यांनी तोंडावर धरलं, आणि त्या हसतायत की काय ते गौरांगीला समजलं नाही.

बाहेर उजेड उतरला होता. कुंपणापलीकडे मार्गारेटबाईंनी आपल्या शेवंतीवर जुन्या चादरी टाकून ठेवल्या होत्या. शेवटी विजयाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, मांडणीतून ती लहान वाटी काढली, बरणीतून चिमूटभर मीठ तिच्यात घातलं. येताना देवघरापाशी क्षणभर थांबल्या. नमस्कार केला नाही. समईची वात पुढं सारली आणि आल्या.

पाटावर बसून त्यांनी वाटी उंबऱ्यावर ठेवली. मग शालीतून हात काढला, उंबऱ्यापलीकडे नेला आणि पातेल्यात घातला. फळं गार होती, कडक, खड्यांसारखी. चांगलं लाल बघून एक घेतलं. नखानं चिरलं, मिठात दोन्हीकडून बुडवलं, आणि हात पुढं केला.

गौरांगी मागं सरकली. "आई, शुक्रवार आहे."

"माहीत आहे मला."

"तुझा नेम..." तिनं आईच्या बोटांकडे बघितलं. लाल रस नखाखाली उतरला होता. "उद्या खाऊ या ना. उद्या शनिवारच आहे. मी खाईन, खरंच."

"उद्या नको," विजयाबाई म्हणाल्या.

हात तसाच राहिला. शेवटी गौरांगी पुढं वाकली, आणि लहान मूल घेतं तसं तिनं ते त्यांच्या बोटांतून तोंडातच घेतलं. दात लागले. फळ आत फुटल्याचा बारीक आवाज झाला.

तिचा डावा डोळा घट्ट मिटला.

तो उघडेपर्यंत विजयाबाई बघत राहिल्या.